पंडिता रमाबाईंची अमेरिका

मराठीत परदेशप्रवासाची पुस्तके थोडी नाहीत. पण एखाद्या परक्या राष्ट्राची राज्यघटना, त्याची घरे, शाळा, धर्मपंथ, व्यापार आणि तेथील स्त्रीचे स्थान या सर्वांचा एकत्र विचार करणारे जुने मराठी पुस्तक शोधू लागले, तर हाताला फारसे काही लागत नाही. असे एक पुस्तक १८८९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ आणि कर्त्या पंडिता रमाबाई. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी कर्तीचे नाव ऐकलेले असते, पुस्तकाचे नसते. आणि ज्यांनी पुस्तकाचे ऐकलेले असते त्यांनी ते वाचलेले नसते. देवस्थानांच्या आणि मंडळांच्या आश्रयाने चालणाऱ्या आमच्याकडच्या वाचनालयांत तर हे पुस्तक आम्हांस कधी आढळले नाही. हा योगायोग आहे असे आम्ही मानत नाही.

कारण उघड आहे. रमाबाईंनी १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची कन्या, भागवत मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेली ही बाई ख्रिस्ती झाली, याचा धक्का त्या काळच्या समाजास किती बसला असेल याची कल्पना आज करणेही कठीण आहे. पुढे १८९३ साली शारदासदनाचे प्रकरण उपस्थित झाले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल असे वचन होते, ते पाळले जात नाही अशी तक्रार झाली, ‘केसरी’ने झोड उठवली, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारणावादी सल्लागारही बाजूला झाले. या तक्रारीत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पालकांनी ज्या अटीवर मुली पाठवल्या ती अट सैल झाली असेल, तर पालकांना रागावण्याचा पूर्ण हक्क होता. कराराचा प्रश्न श्रद्धेच्या तळमळीने सुटत नसतो.

परंतु १८९३ च्या रागाने १८८९ चे पुस्तक वाचावयाचे नाही, हा न्याय कोठला? आमच्या धंद्यातले एक साधे तत्त्व आहे. साक्षीदाराचा धर्म कोणता, हे पाहून साक्ष फेटाळता येत नाही. त्याला काय दिसले, कोठून दिसले, आणि त्याचा त्यात काय स्वार्थ होता, एवढेच विचारावयाचे असते. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन २०२४ च्या जुलैपासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. हे तत्त्व मात्र जागचे हललेले नाही. रमाबाईंच्या पुस्तकाकडे आम्ही एक साक्ष म्हणून पाहतो. ती घ्यावी, आणि तिची उलटतपासणीही करावी, असा आमचा बेत आहे.

रमाबाई अमेरिकेस गेल्या त्या मूळच्या पुस्तक लिहावयास नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास, ११ मार्च १८८६ रोजी, त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात उपस्थित होत्या. थोडे दिवस राहावयाचे म्हणून गेलेल्या बाई अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. १८८७ साली त्यांनी तेथेच हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. गावोगाव व्याख्याने दिली. पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत देश पायाखाली घातला. आणि १८८९ च्या आरंभी मुंबईस परतल्या. ज्या आनंदीबाईंच्या निमित्ताने हा प्रवास घडला त्या मात्र १८८७ च्या फेब्रुवारीतच पुण्यास निवर्तल्या होत्या. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत, त्यांना मुलीसारखे सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावली आहे. मराठी माणसाचे अमेरिकेशी नाते डॉलरांपासून सुरू झाले अशी समजूत असणाऱ्यांनी हे स्थळ नकाशावर पाहून ठेवावे.

पुस्तकाच्या नावातील शब्दांचा क्रमच पाहण्यासारखा आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. सामान्य प्रवासी स्वतःला मध्यभागी ठेवतो: आपण काय खाल्ले, कोठे उतरलो, थंडी किती होती. रमाबाईंनाही समुद्राचे वादळ आणि बर्फाचा हिवाळा चुकलेला नाही, आणि ती वर्णने वाचनीय आहेत. पण त्या लवकरच स्वतःला बाजूला सारतात आणि विचारू लागतात: हे लोक एकत्र राहतात कसे? राजा नसताना आज्ञा कोणाची चालते? शाळेचे पैसे कोण देतो? विधवा पोट कसे भरते? प्रवासवर्णन हळूहळू मागे पडते आणि एका समाजाचा ताळेबंद पुढे येतो.

याच प्रश्नांच्या मागे लागून साठ वर्षांपूर्वी एक फ्रेंच गृहस्थ अमेरिका फिरून गेला होता. आलेक्सी द तोकव्हील हा व्यवसायाने न्यायखात्यातला. १८३१ च्या मे महिन्यात तो तुरुंगांची पाहणी करावयाच्या निमित्ताने आला, नऊ महिने राहिला, आणि १८३५ व १८४० साली अमेरिकी लोकशाहीवरचे त्याचे दोन भाग प्रसिद्ध झाले. त्याला वॉशिंग्टनपेक्षा न्यू इंग्लंडातील लहान गावे महत्त्वाची वाटली. तेथे गावचे मतदार वर्षातून एकदा सभागृहात जमत, रस्त्यांचा नि शाळेचा खर्च तोंडावर मंजूर करत, आणि गावचे कारभारी निवडत. व्हरमाँटमधील अनेक गावांत मार्चच्या पहिल्या मंगळवारी ही सभा आजही भरते. ज्यूरीलाही तोकव्हील न्यायाचे साधन म्हणून जितके मानतो त्याहून अधिक नागरिकांची शाळा म्हणून मानतो. (आपल्याकडे फौजदारी खटल्यांतील ज्यूरी नानावटी प्रकरणानंतर मावळत गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. ती गेली याचे आम्हांस फारसे दुःख नाही. पण सामान्य माणसाला न्यायाच्या आसनावर बसवणारी दुसरी व्यवस्था आपण तिच्या जागी आणली नाही, याचे आहे.)

तोकव्हील मोठा लेखक, यात वाद नाही. तरीही एका गोष्टीत पंडिता त्याच्यावर मात करतात असे आमचे स्पष्ट मत आहे. तोकव्हीलने अमेरिकन स्त्रीची स्तुती केली. पण तिला घराच्या चौकटीत ठेवून केली. बाहेरचा कारभार पुरुषांचा आणि आतला स्त्रियांचा, ही वाटणी त्याला शहाणपणाची वाटली. रमाबाईंनी त्याच चौकटीवर बोट ठेवले. स्त्रियांच्या स्थितीवरील प्रकरण हे या पुस्तकाचे हृदय होय. ते वाचताना ध्यानात येते, की अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनाचा एक सबंध मजला पुरुष प्रवाशाच्या दृष्टीसच पडला नव्हता.

तो मजला कसा होता हे समजण्यासाठी त्या काळचा कायदा ठाऊक असावा लागतो. मायरा ब्रॅडवेल नावाच्या बाईने इलिनॉय राज्यात वकिलीची सनद मागितली; ती नाकारली गेली; आणि १८७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही नकारच कायम केला. एका न्यायाधीशाने तर स्वतंत्र मत लिहून, पत्नी आणि माता होणे हेच स्त्रीचे विधिलिखित, असा निर्वाळा दिला. (सनद तिला १८९० साली मिळाली. आपल्याकडे हा मार्ग कायद्याने १९२३ साली मोकळा झाला, तेव्हा फार हसावयास नको.) १८७५ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की स्त्री नागरिक खरी, पण नागरिकत्वाबरोबर मताचा हक्क येतोच असे नाही. वायोमिंग प्रदेशाने १८६९ साली स्त्रियांना मत दिले होते. पण बॉस्टनसारख्या विद्येच्या माहेरघरी, मॅसॅच्युसेट्स राज्यात, त्यांना १८७९ पासून मत होते ते फक्त शाळा-समितीच्या निवडणुकीपुरते. सबंध राष्ट्रात हक्क यावयास १९२० साल उजाडले.

म्हणजे रमाबाईंनी ज्या बायका पाहिल्या त्यांच्या हाती राज्यसत्ता नव्हती. तरीही त्या राज्य करावयास शिकत होत्या, हा या साक्षीतील सर्वांत मोलाचा भाग आहे. स्त्रियांचा मद्यनिषेध संघ १८७४ साली निघाला आणि फ्रान्सिस विलर्ड या बाईंच्या अध्यक्षतेखाली १८७९ पासून वाढत गेला. गावाची शाखा, तिच्यावर काउंटीची, मग राज्याची, मग राष्ट्राची, अशी त्याची रचना होती. म्हणजे ज्या संघराज्यात या बायांना मत नव्हते त्याचीच हुबेहूब प्रतिकृती त्यांनी स्वतःसाठी उभारली होती. शाखेची सभा नियमाने चाले, ठराव मांडला जाई, मते मोजली जात, खजिनदार हिशेब वाचून दाखवी. दारूबंदीसाठी जमलेल्या बायका तुरुंग पाहू लागल्या, बालकमंदिरे काढू लागल्या, कामगार स्त्रियांच्या तासांविषयी बोलू लागल्या, आणि शेवटी मताधिकार मागू लागल्या. १८८८ च्या वसंतात वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा रमाबाई तेथे हजर होत्या. पायरीपायरीने चढलेले हे बळ त्यांनी अगदी जवळून पाहिले.

आणि नुसते पाहिले नाही, त्याचा उपयोगही केला. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. हिंदू विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करावयाची असे ठरले. त्यासाठी गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यावयाचा, तोही दहा वर्षे. हा आकडा आम्ही मुद्दाम देतो. एका श्रीमंताने दहा हजार दिले असते तर ते दान झाले असते. हजार बायांनी दहा वर्षे एकेक डॉलर दिला की ती संस्था होते. वार्षिक सभा भरे, अहवाल छापून निघे, कोणत्या गावाने किती दिले हे कोणासही पाहता येई. शाळा कोणत्याही एका पंथाची नसावी, असे याच असोसिएशनचे धोरण होते. अशा पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला तीन वर्षे पूर्ण होतात त्याच तारखेस, मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडले. त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी १८९३ साली विवाह केला आणि महाराष्ट्र तिला बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. न्यू इंग्लंडातील एखाद्या शिक्षिकेच्या डॉलरचा प्रवास कोठवर गेला हे यावरून दिसावे.

येथवर साक्ष झाली. आता उलटतपासणी.

पहिली गोष्ट, हे पुस्तक वकिली आहे. रमाबाईंना आपल्या वाचकांपुढे एक नमुना ठेवावयाचा होता. गुलामगिरीत पडलेल्या देशाला, राजसत्ता झुगारून स्वतंत्र झालेल्या राष्ट्राची कथा सांगावयाची होती. आणि इंग्लंडच्या वसाहतींनी इंग्लंडशीच लढून काय मिळवले हे इंग्रजी अमलाखालील मराठी वाचकास सांगणे हा साधा इतिहास नव्हता. त्या धैर्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण वकिलाच्या कागदात जे गुण असतात ते येथे आहेत आणि जे दोष असतात तेही आहेत. ज्यांच्या घरी त्या उतरल्या, ज्यांनी व्याख्याने ठरवली, ज्यांनी निधी जमवला, ती माणसे सज्जन होती. परंतु ती उत्तरेकडील, सुशिक्षित, चर्चशी निगडित, सुखवस्तू अशी एका थरातली माणसे होती. त्यांच्या दिवाणखान्यातून दिसलेली अमेरिका ही खरी असली तरी पुरी नव्हे. त्याच १८८६ च्या मे महिन्यात शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बाँब पडला आणि त्यानंतर जे खटले झाले त्यांनी देश हादरला. त्या अमेरिकेचा आवाज या पुस्तकाच्या मुख्य सुरात उमटत नाही.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, आणि ती सांगताना रमाबाईंशी न्यायाने वागले पाहिजे. त्या भोळ्या नव्हत्या. टोपीवर मेलेले पक्षी मिरवणाऱ्या सुसंस्कृत बायांना त्यांनी असा चिमटा काढला आहे, की आजही हसू येते. त्या स्वतः शाकाहारी राहिल्या. आणि अमेरिकेतील आदिवासींवर व काळ्या लोकांवर झालेल्या अन्यायाचा त्यांनी उघड निषेध केला आहे. मराठीत अमेरिकेकडे या अंगाने पाहण्याची वाट महात्मा फुल्यांनी पाडली होती. १८७३ ची त्यांची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील लोकांनाच अर्पण केलेली आहे. फुल्यांनी अमेरिकेला गुलामाच्या बाजूने मोजले, रमाबाईंनी स्त्रीच्या बाजूने. पण या दोन मापांची गाठ जेथे पडते तेथे पंडितांची नजर थोडी मऊ झाली आहे, असे आम्हांस वाटते. त्यांनी ज्या मद्यनिषेध संघाचे इतके गुण गायिले त्याच्या दक्षिणेकडील शाखा गोऱ्या बायांच्या वेगळ्या आणि काळ्या बायांच्या वेगळ्या होत्या. पुढे १८९४ साली आयडा वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने इंग्लंडात जाऊन विलर्डबाईंना जाहीर जाब विचारला, की दक्षिणेत झुंडी काळ्या पुरुषांना फासावर चढवतात त्याबद्दल आपण नीट बोलत का नाही? त्या प्रश्नाला विलर्डबाईंचे उत्तर समाधानकारक नव्हते.

यातून निघणारा मुद्दा रमाबाईंच्या पुस्तकापुरता राहत नाही. गावाच्या सभेला, मंडळाला, शाळा-समितीला जे स्वातंत्र्य मिळते ते कोणासाठी मिळते? लहान समाज आपला कारभार आपण पाहू लागला की त्यात आपुलकी येते, काटकसर येते, जबाबदारी येते. आणि त्याच बरोबर कुंपणही येते. १८८३ साली, म्हणजे रमाबाई तेथे उतरण्यापूर्वी तीनच वर्षे, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्कांचा कायदा निकालात काढला: खाणावळ, नाटकगृह, आगगाडी यांच्या खाजगी मालकांनी केलेल्या भेदभावात केंद्र सरकारने पडावयाचे नाही. स्थानिक रूढीला मोकळे रान मिळाले. त्याचे टोक पाहावयाचे असेल तर व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीचे उदाहरण घ्यावे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. ज्या खटल्यांतून तो निर्णय आला त्यांपैकी एक याच काउंटीतला होता. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घेण्याची वेळ आली तेव्हा, १९५९ साली, तेथल्या लोकनियुक्त मंडळाने शाळांना पैसे द्यावयाचेच बंद केले. सार्वजनिक शाळांना कुलपे लागली. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळी मुले पाच वर्षे रस्त्यावर. १९६४ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले, की हे चालणार नाही. तोकव्हीलने ज्या स्थानिक स्वराज्याची आरती ओवाळली तेच हे स्वराज्य. मते मोजली गेली होती, ठराव झाला होता, खजिन्याचा हिशेब चोख होता.

आणि ही रेषा काळ्यांपाशीच थांबली नाही. १९२३ साली त्याच न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या प्रकरणात ठरवले, की हिंदू मनुष्य ‘गोरा’ या शब्दात बसत नाही, म्हणून तो अमेरिकेचा नागरिक होण्यास पात्र नाही. आमच्या लोकांना ते दार १९४६ च्या कायद्याने उघडले. बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईही त्या न्यायाने दाराबाहेरच्याच ठरल्या असत्या.

हे सर्व अमेरिकेचे झाले. आमच्या वाचकांस ते परके वाटू नये म्हणून एका निर्णयाची आठवण देतो. कर्नाटक किनाऱ्यावरील मुल्की येथील श्रीवेंकटरमण देवालय गौड सारस्वतांचे. गोव्यातून गेलेल्या घराण्यांनी ज्या किनाऱ्यावर देवळे उभारली त्यांतले. देऊळ आमच्या समाजाचे आहे, प्रवेश कोणास द्यावयाचा ते आम्ही ठरवू, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. १९५७ च्या अखेरीस आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की देऊळ पंथाचे आहे हे मान्य; तथापि ते सर्व हिंदूंना खुले करणारा कायदा श्रेष्ठ आहे; पंथाचे काही खास विधी मात्र पंथापुरते ठेवता येतील. आमच्या मते हा निकाल प्रिन्स एडवर्डच्या निकालाइतकाच वाचण्यासारखा आहे, आणि तारतम्यात त्याहून सरस. समाजाची आपुलकी ठेवली, कुंपण काढले.

दुसरे कुंपण मात्र कोणत्याही न्यायालयाने अजून हलवलेले नाही. गोव्यातील देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज अमदानीतल्या १९३३ च्या नियमावलीच्या चौकटीत महाजन पाहत आले, आणि ही महाजनकी परंपरेने पुरुषवंशातून चालत आली. देवळात पहाटे सडा कोण घालते, फुलांच्या माळा कोण ओवते, जत्रेच्या प्रसादाची भाजी कोण चिरते, हे वाचक जाणतात. निवडणुकीच्या दिवशी मतदारांच्या यादीत त्यांची नावे शोधून पाहावीत. बेळगाव, बडोदे, इंदूर येथील मंडळांतही, घटनेत आडकाठी नसताना, स्त्रियांचा विभाग हळदीकुंकवापुरता राहतो आणि खजिनदार पुरुषच असतो. रमाबाईंनी पाहिलेल्या बायांना राज्यात मत नव्हते, संस्थेत होते. आमच्या घरच्या बायांना राज्यात मत आहे आणि देवस्थानात नाही. कोणाची स्थिती पुढची, हे आम्ही ठरवू शकत नाही.

कोणी म्हणेल, अमेरिकेतही आता ती मंडळे राहिली कोठे? खरे आहे. रॉबर्ट पटनम यांनी २००० साली एक मोठा ग्रंथ लिहून दाखवले, की १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकन माणूस सभा-मंडळांतून अंग काढून घेत आला आहे; सभासदत्व उरले ते वर्गणीचा धनादेश पाठवण्यापुरते. पण तेथे गेलेल्या आपल्या लोकांनी मात्र त्या जुन्या साच्यातच देवळे बांधली: नोंदणी, नियम, विश्वस्त, वार्षिक सभा. आणि साच्याबरोबर त्याचे तंटेही आले. न्यूयॉर्कमधील एका हिंदू देवालयात मत देणारे सभासद असावेत की नसावेत, निवडणूक घ्यावी की नाही, हा वाद या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. आमच्याकडच्या महाजनांना तो वाचताना घरच्यासारखे वाटेल.

पुस्तकाच्या भाषेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १८८९ साली संघराज्य, घटना, प्रतिनिधिगृह यांसाठी मराठीत ठरलेले शब्द नव्हते. रमाबाईंना कल्पनाही समजवावयाची होती आणि शब्दही घडवावयाचा होता. तेथे शास्त्र्याच्या घरचे संस्कृत कामास आले. वाक्ये लांब आहेत, क्वचित जड आहेत. पण अर्थ निसटत नाही, आणि उपरोधाच्या जागी तर ही भाषा एकदम हलकी होते. इंग्रजी शब्द वाक्यात तसाच टाकून पुढे जाण्याची आमची आजची सवय पाहिली, की या बाईंनी घेतलेल्या कष्टांचा हेवा वाटतो.

२००३ साली या पुस्तकाचे दोन स्वतंत्र इंग्रजी अनुवाद अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक मीरा कोसंबी यांचा. या कोसंबी साखवाळच्या धर्मानंद कोसंब्यांच्या नात. धर्मानंदांनीही जन्मधर्म सोडला, बौद्ध मार्ग धरला, आणि १९१० साली पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डला, म्हणजे रमाबाईंच्या बॉस्टनच्या वेशीवर, जाऊन राहिले. त्यांचे ‘निवेदन’ आमच्या वाचनालयांत आहे, त्यांच्या नावाने व्याख्याने होतात, आणि त्यांच्या धर्मांतरावरून कोणी कपाळाला आठी घालत नाही. त्याच कपाटात, त्याच फळीवर, रमाबाईंच्या पुस्तकाला जागा होण्यास फार तर दोन इंच लागतील. मूळ मराठी प्रत मिळवणे अवघड नाही. आमच्या देवस्थानाच्या वाचनालयासाठी ती मागवण्याचा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत, आणि अनुमोदनासाठी कोणी भगिनी उभी राहू शकत नसल्यामुळे एखाद्या महाजनाच्या शोधात आहोत.